कोऱ्या डिस्कला उजवीकडची जागा

मी कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर उतरवली. करायचं होतं उलट.

सहा वर्षं झाली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. एरवी माझ्या गाढवपणाचे किस्से मीच तंजावरभर सांगत फिरतो. चुकीच्या लग्नात शिरून, पोटभर जेवून, वर आहेर देऊन आलेला माणूस मीच. मग हीच एक गोष्ट का गिळून बसलो? कारण तिच्यातला हसण्याजोगा भाग तेवढाच माझा आहे. पुढचा अक्काचा.

अक्का म्हणजे माझी थोरली चुलत बहीण. इथल्याच तमिळ शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात आपल्या तंजावरी मराठी घरांतल्या बायकांची गाणी गोळा करायला निघाली. लग्नातली, डोहाळजेवणातली, पाळण्याची. पापनाशम, ओरत्तनाडु, कालव्याकाठची कुठली कुठली खेडी — गुडघे दुखत असताना बसनं जायची, म्हाताऱ्यांच्या पायाशी बसायची, मिळेल त्या कागदावर उतरवून घ्यायची. घरी येऊन एका बोटानं टाइप करायची. मराठी गाणी, तमिळ अक्षरांत. तीन वर्षं! मला तीन दिवस सलग एक काम जमलेलं नाही. तिच्याकडे बघून मला नेहमी वाटायचं, एकाच घराण्यात देवानं इतकी असमान वाटणी का करावी?

तिचा संगणक मात्र बैलगाडी. बटण दाबून ती कॉफीचं डिकॉक्शन उतरवायची, कॉफी प्यायची, पेला विसळायची — मग कुठे पडदा उजळायचा. मी म्हणालो, अक्का, जुनी डिस्क काढून नवी, वेगवान एसएसडी डिस्क घालू. विंडोज, तुझी गाणी, सगळं जसंच्या तसं तिकडे नेतो, तुला फरकसुद्धा कळणार नाही. आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवायचं का, असं तिनं विचारलं होतं. विचारलं होतं, हे नमूद करतो. मी तज्ज्ञाच्या सुरात सांगितलं की नक्कल हाच बॅकअप.

सरस्वती पूजेला नवी डिस्क देवापुढे ठेवली, चंदन-कुंकू लावलं. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. काम दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, मुहूर्तानं. एका मित्राकडून नक्कल करणारा डॉक आणला होता — ठोकळ्याला दोन खाचा, एक बटण. संगणक लागतच नाही. एका खाचेतली डिस्क वाचायची, दुसरीवर लिहायचं. कुठली खाच कशाची ते खाली बारीक अक्षरांत कोरलेलं. माझा चष्मा कपाळावर. आणि मनात काय? नवी वस्तू, पूजेतून उठलेली — तिला मानाची, उजवीकडची जागा! नवी सून उंबरठा ओलांडताना उजवं पाऊल टाकते ना, तसं. बसवली उजवीकडे. दाबलं बटण.

उजवी खाच वाचण्याची होती, लिहिण्याची डावी.

चार निळे दिवे एकेक करून पेटत गेले, आणि मी — सांगायला लाज वाटते — तासभर कौतुकानं त्यांच्याकडे बघत बसलो. कोरेपण किती शिस्तीनं पसरत होतं! शेवटी दोन्ही डिस्क सारख्याच निघाल्या. रिकाम्या. कच्चे कागद तर पूजेआधीच्या साफसफाईत रद्दीत गेलेले; टाइप झालेलेच होते, ठेवायचे कशाला?

पण कबूल करायचं आहे ते हे नाही. खाच कुणाचीही चुकेल. अक्का दारात उभी होती. काय झालं रे अंबी, असं तिनं विचारलं, आणि क्षणाचाही विचार न करता मी म्हणालो,

"अक्का, रोज तू संगणक थेट भिंतीवरचं बटण दाबून बंद करतेस ना? त्यानंच जुनी डिस्क गेली."

इतकं सफाईदार वाक्य मला जन्मात सुचलं नव्हतं. तिची ती सवय खरीच होती — म्हणून तर खोटं घट्ट बसलं. डिस्क दुरुस्तीला दाखवतो म्हणून घेऊन आलो आणि कुठेच नेली नाही. कुठल्याही दुकानदारानं सांगितलं असतं, डिस्क ठणठणीत आहे, कुणीतरी पुसली आहे.

अक्का रडली नाही. जरा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, तू दमला असशील, जेवून जा. मी जेवलो. दोनदा रसम घेतलं.

सोमवारी ती ओरत्तनाडुच्या बसमध्ये बसली. सगळं पुन्हा. त्याच ओसऱ्या, त्याच म्हाताऱ्या. आणि प्रत्येकीला आधी सांगायचं, माझ्या वेंधळेपणानं तुमची गाणी गेली हो, परत म्हणाल का? त्या म्हणाल्या. नव्या डिस्कवर तिनं दोन वर्षांत जवळजवळ सगळं परत उभं केलं. पण पापनाशमच्या सुंदराआजी तेवढ्यात गेल्या. त्यांची अकरा पाळणागीतं दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. अक्काला त्यातली चार आठवली. सात नाहीत.

पुस्तक निघालं. त्यात सात पानं तिनं कोरी सोडली आहेत, वर फक्त गाण्याची पहिली ओळ. प्रस्तावनेत लिहिलं आहे की ही गाणी संपादिकेच्या निष्काळजीपणामुळे हरवली. गणिताची बाई ती. चूक दिसली की खाली सही करणार. आणि त्याच पानावर, संगणक सांभाळणाऱ्या धाकट्या भावाचे आभार. समारंभात तिनं मला स्टेजवर बोलावून खांद्यावर पोन्नाडै घातली, मानाची जरीची शाल. मी वाकून घेतली. टाळ्याही वाजल्या.

आजही ती संगणक बंद करते तेव्हा पडदा पूर्ण काळा होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसते. मी समोर असलो तर माझ्याकडे बघून मान डोलावते — बघ, शिकले.

हे सगळं लिहून मी बायकोला वाचायला दिलं. ती साताऱ्याची, तिच्यामुळेच मी देवनागरी लिहायला शिकलो. तिनं शेवटपर्यंत वाचलं, कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले आणि म्हणाली,

"अक्कांना वाचता येत नाही, त्या लिपीत लिहिलंत. भित्रे ते भित्रेच राहिलात."