गेरूखालचे फोड

"गोळ्या देऊ नको, पोरी. आधी हिचा डोळा बघ," आबा म्हणाले. सिंधूमावशींनी कपाळावरचा पदर बाजूला केला.

मी शिरूरच्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. मावशी दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात. त्या दिवशी त्यांच्या कपाळाच्या डाव्या बाजूला गेरू फासलेला होता. गेरूखाली पाण्याने भरलेले फोड, पापणी सुजून बंद. नागीण. आबा जवळच्या निमोणे गावात नागिणीवर गेरू लावतात. तेच मावशींना एसटीत बसवून घेऊन आले होते.

"डोळ्यापाशी आली म्हंजी माझं काम न्हाई," आबा म्हणाले. "आन् ही कसल्या भारी गोळ्या खाती म्हणं. त्या कसल्या?"

मावशींना संधिवात आहे. या आजारात शरीराची संरक्षण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. पेशींच्या आत जॅक नावाचे एन्झाइम असते. 'सूज आणा' हा बाहेरून आलेला निरोप ते आत पोचवते. मावशींची गोळी या एन्झाइमला अडवते. निरोप थांबतो, सूज उतरते. गाईची धार काढता न येणारी त्यांची बोटे या गोळीनेच सुटली.

पण विषाणूंना दाबून ठेवायलाही हेच निरोप लागतात. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसांमध्ये झोपून असतो. पहारा ढिला पडला की नागीण होऊन उठतो.

हे मला माहीत होते, मावशींना नव्हते. मी मराठीत अर्ध्या पानाचा कागद लिहिला होता: अंगावर फोड, ताप किंवा न थांबणारा खोकला आला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. या गोळीच्या प्रत्येक पाकिटात तो घालायचे. मावशींची गोळी सुरू होण्याआधीच दुकानाच्या शेठनी ते बंद करायला लावले. गिऱ्हाईक घाबरते म्हणाले, औषध द्यायचे, भाषण नाही. ज्याच्या शरीरात गोळी जाते त्यालाच अंधारात ठेवायचे, हा कुठला धंदा? आणि मी ते ऐकले. तो राग अजून गेलेला नाही.

फोड येऊन चार दिवस झाले होते. मावशी रोज दोन गोळ्या नेमाने घेत होत्या. त्या आता थांबवाव्या लागतील, असे मी म्हणाले.

"बंद केल्या आन् बोटं परत आखडली तर? धार कोण काढंल?" मावशी म्हणाल्या.

मी त्यांच्या पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळी आत्ताच थांबवा, विषाणूवरचे औषध लगेच सुरू करा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे आजच न्या. प्रिस्क्रिप्शन मोबाइलवर आले. मी पहिला डोस दिला आणि पर्स उचलली.

"काउंटर सोडून कुठं निघालीस?" शेठ म्हणाले.

"डोळ्यांच्या दवाखान्यात. मी येईपर्यंत शटर खाली ठेवा. फार्मासिस्ट नसताना औषध विकता येत नाही."

डोळा वाचला. कडेला थोडे धूसर दिसते, ते तसेच राहणार. फोड पूर्ण सुकल्यावर डॉक्टरांनी तपासून गोळी पुन्हा सुरू केली. धार मावशीच काढतात.

आता तो कागद मी पाकिटाला स्टेपल करते. शेठ आता अडवत नाहीत. आबा वीस कागद निमोण्याला घेऊन गेले. गेरू भिजवण्याआधी ते विचारतात, कसल्या गोळ्या चालू हायत. आमच्या लायसनवाल्या दुकानाने गोळ्या देतानाच हा कागद दिला असता, तर मावशींना डोळ्याच्या कडेची नजर गमवावी लागली नसती.