स्पेनच्या गोडाऊनला विचारलेली वेळ

मंगळवार, १९ ऑगस्ट १९८६. सकाळपासून माझं एकच काम होतं, स्पेनला ट्रंक कॉल लावणं.

तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यात मी परचेस बघायची. आमची स्पॅनिश ग्राइंडिंग मिल, म्हणजे रंग दळायचं यंत्र, बेअरिंग फुटून बंद पडली होती. घणसोली-कोपरखैरण्याची कंत्राटी माणसं रोज गेटवरून परत जात होती. नवं बेअरिंग विमानानं यायचं होतं, पण कधी ते कळत नव्हतं. टेलेक्सला उत्तर नाही. ऑगस्टमध्ये अर्धा स्पेन सुट्टीवर असतो.

वर्क्स मॅनेजर खरेसाहेबांनी ठरवून टाकलं. "उद्या सकाळी लोकल बेअरिंग बसवा."

फोरमन म्हात्रे माझ्या टेबलाशी आले. "बाई, त्या लोकल बसवला न, त शाफ्ट जायाचा. मंग मिल भंगारातच घाला."

दुपारी कॉल लागला. तिथले इंग्रजी बोलणारे मॅनेजर सुट्टीवरून सप्टेंबरात येणार होते. फोन उचलला गोडाऊनच्या माणसानं, आणि त्याला फक्त स्पॅनिश येत होतं. मी दोन वर्षं संध्याकाळच्या क्लासला स्पॅनिश शिकले होते. ऑफिसात त्याची भरपूर चेष्टा झालेली.

"क्वांदो येगा?" मी विचारलं. कधी पोचेल?

"नो से." माहीत नाही.

"किती वाजता, कुठल्या दिवशी, काहीतरी सांगा!"

"नो से, सेन्योरा."

खरेसाहेब शेजारी उभे होते. "झालं तुमचं स्पॅनिश? ठेवा फोन."

मी ठेवला नाही. हा माणूस खोकी बांधतो आणि ट्रकवर चढवतो. मुंबईत काय कधी पोचतं ते त्याला कुठून कळणार? मी प्रश्न बदलला.

"क्वांदो सालिओ?" तुमच्याकडून कधी निघालं?

"आ! एल खुएवेस!" गुरुवारी. वर विमान कंपनीचं नावही सांगितलं.

लगेच सहार विमानतळाच्या कार्गो ऑफिसला फोन केला. "रविवारीच आलंय, मॅडम. नोटीस तुमच्या फोर्टच्या ऑफिसला पाठवली. न्यायला कोणी येईना."

"साहेब, बेअरिंग मुंबईत आहे," मी म्हटलं. "लोकल बसवायचं का अजून?"

"गाडी घ्या," साहेब म्हणाले.

बुधवारी म्हात्र्यांना घेऊन सहारला गेले आणि कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एजंटच्या मागं उभी राहिले. खोकं हातात आल्यावरच तिथून हलले. गुरुवारी संध्याकाळी मिल फिरली. म्हात्रे ओरडले, "बाई, तुमचा स्पेन पावला!" साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि कंत्राटदाराला निरोप धाडला, उद्यापासून पूर्ण शिफ्ट.

माणसाला त्याच्या हातून जातं तेवढंच विचारावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या सगळ्या परदेशी सप्लायरांना टेलेक्स केला: माल कधी पोचेल ते आमचं आम्ही बघू, तुमच्या गेटातून कधी निघाला तेवढं कळवा.