बराखीतला खोकला
आज बराखी, म्हणजे आमची कांद्याची चाळ, फोडली, साठवलेल्या कांद्याचा उग्र वास नाकात शिरला आणि मी पाटी तशीच टाकून घटकाभर बाहेर आलो. वहिनीला जुना दमा. दम लागला की आळेफाट्याच्या दवाखान्यात जाऊन मशीनवर वाफ घ्यायची आणि येताना भेळ घेऊन यायची. करोनाच्या उन्हाळ्यात मात्र डॉक्टर फोनवर म्हणाले, "मशीन बंद ठेवलंय, वाफेनं आजार पसरतो. आधी करोनाचा रिपोर्ट येऊ द्या, तोवर पंप ओढा." दादा तिच्या रिपोर्टची चौकशी करायला गेला होता. रुग्ण सापडला म्हणून शेजारच्या गल्लीला बांबू बांधलेले. वहिनीला उबळ आली आणि मीच म्हणालो, "वहिनी, जरा दाबून खोका, लोकं ऐकत्यात." ती रागावली नाही. "मग मी बराखीत बसते भाऊजी, तिथनं आवाज न्हाई जायचा," म्हणत तोंडाला पदर लावून, पंप मुठीत धरून गेली. कांद्याच्या फोलपटांची धूळ तिला सोसत नाही हे मला ठाऊक होतं. पण मी ओट्यावर बसून रस्त्यानं कोण जातंय तेवढंच बघत राहिलो. फटींतून येणारा खोकला बारीक होत गेला, मग थांबला. मला हायसं वाटलं. पंप लागू पडला असं समजून मी दोघांचा चहा टाकला. रिपोर्ट तिच्या दहाव्याला आला, करोना नव्हताच. दरवर्षी बराखी फोडताना दादा म्हणतो, "तिला इथं येऊन बसायची काय बुद्धी झाली, कुणास ठाऊक," आणि मी खाली मान घालून पाट्या भरतो.