काकांच्या नावाची लिंक

आमच्याकडे लग्नात आहेराचं भांडं द्यायचं तर आधी त्यावर नाव घालून आणतात. नाव नसलं तर वर्षभरानं परात कोणाची नि कळशी कोणाची, काही पत्ता लागत नाही. माझं काम मी आईला असंच समजावून सांगते. वेबसाइट एकच, पण तिथं आलेला माणूस कुठून आला हे कळावं म्हणून प्रत्येक लिंकच्या मागे मी एक शेपूट जोडते. जाहिरातीच्या लिंकला एक, दुकानात लावलेल्या पोस्टरला दुसरं. शेपटं ठरलेलीच वापरायची, रोज नवी काढायची नाहीत. मग महिनाअखेरीला ज्याची माणसं त्याच्या ओळीत मोजलेली दिसतात. आई म्हणते, "याचा पगार देतात?" देतात.

पगार देणारे शेठजी गोंदियाचे व्यापारी. नवेगाव बांधच्या तलावाजवळ त्यांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आणि त्यांच्या बुकिंगची वेबसाइट मी आमगावला घरी बसून सांभाळू लागले. जाहिराती शेठजींचा पुतण्या करायचा. खोल्या मात्र काकांच्या हाती होत्या. काका तिथल्याच गावचे, लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणत.

पाहुण्याचा चहा संपायच्या आत त्याच्या घरी कोण कोण आहे हे काकांना ठाऊक झालेलं असे. सकाळी डोंग्यातून पाखरं दाखवायला न्यायचे, दुपारी मासे करून घालायचे आणि निघताना प्रत्येकाचा नंबर घ्यायचे. थंडी पडू लागली की सगळ्यांना मेसेज जाई, 'पाखरं आली. तुम्ही कधी येता?' खाली लिंक. बोलायला लागले की थांबायचं नाव नाही, मी फोन ठेवून भाजीला फोडणी घालून आले तरी ते तिकडे बोलतच असायचे. पण माणसं परत येतात ती या बडबडीसाठी, याबद्दल मला शंका नव्हती. हे शेठजींनाही दिसावं म्हणून मी काकांच्या नावाचं शेपूट लावून एक खास लिंक बनवली आणि त्यांना पाठवली.

"हे माहं नाव हाय का यात?" काकांनी फोन करून विचारलं.

"हो काका. यापुढे सगळ्यांना हीच पाठवा. दुसरी नको."

"बरं."

हंगाम संपल्यावर शेठजींनी तक्ता मागवला. जाहिरातीची ओळ फुगून टम्म झाली होती. काकांच्या ओळीत एकच भेट होती, आणि तीही माझी, लिंक चालते का ते बघतानाची.

"काका दिनभर गप्पे मारते हैं और लाते एक आदमी नहीं," शेठजी म्हणाले. "चाबी तो कोई भी दे देगा."

मी भांडले. माणसं त्यांच्यासाठीच येतात असं म्हटलं. शेठजींनी तक्त्यावर बोट ठेवलं. "तुम ही बोलती थी ना, जो यहाँ दिखे वही सच?"

बोलत होते खरी. कितीदा आणि किती ऐटीत. पुढच्या आठवड्यात किल्ल्या शेठजींच्या मेहुण्याकडे गेल्या. मी तणतणत काकांना फोन लावला, एवढं सांगूनही लिंक का पाठवली नाही म्हणून. "जाऊ दे ना पोरी," एवढंच म्हणाले. इतकं थोडं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात पुतण्या रायपूरला निघून गेला आणि जाहिराती बंद पडल्या. तरी जाहिरातीच्या ओळीत माणसं येतच राहिली. शेठजी खूश. "देखो, पुराना पैसा अभी तक काम कर रहा है." मला ते पटेना. बुकिंग केलेल्या नागपूरच्या एका बाईंना मी फोन करून विचारलं, लिंक कुठे मिळाली?

"काकांनी पाठवली की. पाखरं आलीत म्हणाले."

दुसऱ्या दिवशी मी नवेगावला गेले. काका अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांचा फोन बघितला. सगळ्यांना गेली होती ती जाहिरातीची लिंक, शेठजींनी सुरुवातीला आमच्या ग्रुपवर टाकलेली.

"काका, माझी लिंक काऊन नाही पाठवली?"

"मालकानं पाठवली ते मालकाची," काका म्हणाले. "जेवनाचा निवता घरधन्याच्या नावानं जाते पोरी. सैपाक करनारा आपल्या नावानं निवता देते का? लोकं हासतीन ना."

"पण त्यानंच तुमचं काम गेलं."

"गेलं." जाळ्यातली गाठ त्यांनी दातानं ओढली. "मले का मालूम, निवतेई मोजून राहिले म्हनून."

मला रडू आलं, त्यांच्यासमोरच. सावरून म्हटलं, आता तरी कशाला पाठवता? तुम्ही खोल्यांवर नाही, कोणी तुम्हाला विचारत नाही.

"पाखरं त आलीच ना," ते म्हणाले.

परतताना गोंदियाला उतरून शेठजींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तक्ता पुन्हा बघितला, थोडे ओशाळलेही. पण मेहुण्याला काढलं तर घरात महाभारत होईल. "अब रहने दो," म्हणाले. मी बरीच ओरडले. आमगावला पोचेपर्यंत बसमध्ये मनातल्या मनात ओरडतच होते.

मग मी आणखी एक लिंक बनवली, शेठजींच्या नावाच्या शेपटाची, आणि काकांना फोन केला. "ही पाठवा काका. मालकाच्या नावाची आहे." ते एकदम खुलले. "हे बरं केलं पोरी. हे आंधीच देयाची होती." ते सहज बोलून गेले. मला अजून झोंबतं.

यंदा शेठजींच्या नावाची ओळ सगळ्यांत मोठी आहे. त्यांनी तो तक्ता दुकानातल्या लोकांनाही दाखवला. तिकडे खोल्यांवर मेहुणा पाहुण्यांना किल्ली देतो, आणि कंटाळून मला फोन करतो, की जो उतरतो तो सामान ठेवायच्या आधी एकच विचारतो, काका कुठे आहेत? हे मोजायला माझ्याकडे ओळ नाही.