कांद्याचं काळीज आणि मोराचं पीस

पुस्तकात चार ओळींत उरकलेलं इजिप्त मी वर्गात आठवडाभर लांबवते. निरगुडसरजवळच्या एका शाळेत मी इतिहास शिकवते, आणि ममीचा विषय निघाला की मागच्या बाकावरची पोरंही जागी होतात. एका वर्षी मुलं इतकी रंगली की स्नेहसंमेलनात कोळीगीताऐवजी इजिप्तचं नाटक करायचं, असं त्यांनीच ठरवून टाकलं.

नाटक मी लिहिलं. गोष्ट साधी होती. माणूस मेला की तो ओसायरिस देवाच्या दरबारात जातो. तिथं देवांपुढे उभं राहून आपण आयुष्यात कोणकोणती वाईट कामं केली नाहीत, ते एकेक सांगतो. मग कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस देव त्याचं काळीज तराजूत घालतो. दुसऱ्या पारड्यात सत्याच्या देवीचं पीस. काळीज पिसापेक्षा जड भरलं तर टपून बसलेली राक्षसीण ते खाऊन टाकते. नाहीतर माणूस सुखाच्या देशात जातो.

राक्षसिणीला मगरीचं तोंड, पुढचं अंग सिंहाचं आणि मागचं पाणघोड्याचं. सिंहावरून वर्गात खळखळ झाली. "सिंह कुनी बघितलाय बाई? बिबट्या करू." ते मला पटलं. बिबट्याच्या ठिपक्यांचं ब्लँकेट एका घरी होतंच. देवीचं पीस खरं शहामृगाचं, पण ते आंबेगाव तालुक्यात मिळणं अवघड, म्हणून मोराचं घेतलं. काळीज म्हणून चांगला पोसलेला लाल कांदा ठरला. इजिप्तची माणसं ममीसोबत कांदेही पुरत, हे मी सांगितल्यावर तर मुलांना तो देश एकदम ओळखीचा वाटायला लागला. तराजू मंचरच्या बाजारातल्या एका मसालेवाल्या चाचांनी दिला. काटा इलेक्ट्रॉनिक झाल्यापासून त्यांचा जुना दांडीचा तराजू माळ्यावर पडून होता. कशाला हवाय ते ऐकून म्हणाले, "आमच्यातबी कयामतच्या दिवशी तराजूच हाय, म्याडम. जपून वापरा."

अडचण आली ती मेलेल्या माणसाची. ज्या मुलाला ते काम द्यावं त्याची आई दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. "बाई, काय बी करा, पन माझ्या पोराला मेलेला करू नका." तिसऱ्या आईनंतर मी हात टेकले. रात्री जेवताना घरी रडगाणं गायले, तर माझे थोरले दीर, दादा, ताटावरून मान वर न करता म्हणाले, "त्यात काय एवढं. मी मरतो."

दादांना नाटकाची जुनी हौस. त्यांनी गोठ्यात म्हशींपुढे तालीम सुरू केली.

इकडे अनुबिसाचा मुखवटा आठवीतल्या एका मुलीनं घरी केला होता, कागदाचा लगदा लावून. कान सुरेख झाले, पण माप चुकलं. वर्गातल्या कुणाच्याही डोक्यावर तो खांद्यापर्यंत घसरायचा. शेवटी तो बसला तिच्या वडिलांच्याच डोक्यावर. तेही तयार झाले.

आता हे वडील म्हणजे आमचे बांधाला बांध असलेले शेजारी. एकाच पाटाचं पाणी दोघांच्या रानात जातं. कॅनॉलला पाणी सुटलं की कुणाची पाळी कधी, यावरून त्यांचं आणि दादांचं असं बिनसलं होतं की समोरासमोर आले तरी दोघं आकाशाकडे बघत जायचे. हे मला माहीत होतं. पण एक मेलेला आणि एक देव आयते मिळत असताना मी मागेपुढे पाहिलं नाही. दोघांच्या तालमी वेगवेगळ्या घेतल्या. शेजाऱ्यांना मी तराजूची युक्ती शिकवली. कांद्याचं पारडं खाली जाणारच, म्हणून त्यांनी दांडीला बांधलेला काळा दोरा हळूच ओढून दोन्ही पारडी सारखी करायची.

संमेलनाच्या दिवशी उन्हं कलताच मैदान भरलं. दादा पांढऱ्या धोतरात गुंडाळलेले, छातीशी हात. बाजूला कोल्ह्याचं तोंड घालून शेजारी. ब्लँकेटखाली दोन मुली राक्षसीण होऊन बसलेल्या. दादा खणखणीत आवाजात म्हणायला लागले. मी चोरी केली नाही. मी खोटं माप दिलं नाही. मी कुणाच्या तोंडचं दूध तोडलं नाही.

मग पाण्याची ओळ आली. ती माझ्या पदरची नव्हती. नाईलच्या काठी शेती करणाऱ्या त्या माणसांना मेल्यावर खरोखरच सांगावं लागे, की मी दुसऱ्याचं वाहतं पाणी अडवलं नाही. मला ती ओळ फार आवडली होती, म्हणून मी ती ठेवली. त्यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं.

"मी," दादा म्हणाले, आणि थांबले.

मला वाटलं विसरले. पडद्याआडून मी सांगितलं, "पाणी अडवलं नाही." दादांनी ऐकलं, पण तोंड उघडेना. मैदानात खसखस पिकली. सगळ्या गावाला पाट माहीत होता.

कोल्ह्याच्या तोंडातून आवाज आला, "बोला की."

"ह्ये सोडून पुढचं घेतो," दादा म्हणाले.

"तसं न्हाई चालायचं. देव बसल्यात समोर."

दादांनी समोर पाहिलं. देव म्हणून बसलेली सातवीतली पोरं गंभीर चेहऱ्यानं त्यांच्याकडे बघत होती. दादांनी छातीवरचे हात सोडले.

"वळवलं व्हतं," ते म्हणाले. "कांदा करपाय लागला व्हता. एकदाच."

"एकदाच?"

"बरं, दोनदा. पन दुसऱ्या येळी घुशीनं बांध फोडला व्हता, मी फकस्त बुजवला न्हाई."

मैदान हसून लोळत होतं. मी मात्र पडद्याआड घामाघूम झाले होते, कारण आता तराजूची वेळ होती. शेजाऱ्यांनी कांदा एका पारड्यात ठेवला, पीस दुसऱ्यात. दोरा त्यांच्या हातात होता. त्यांनी तो ओढला नाही. पारडं खाड्कन खाली आदळलं.

ब्लँकेटखालच्या मुलींना सगळ्या तालमीत उपाशी बसून राहायचंच माहीत होतं. त्यांना इतका आनंद झाला की मगरीचं तोंड पुढे करून त्या धावत सुटल्या. दादा धोतर सावरत तराजूमागे लपले.

"थांबा गं," कोल्हा म्हणाला. राक्षसीण थांबली. शेजाऱ्यांनी दोरा सोडून दिला आणि सगळ्यांना दिसेल असा हात पारड्याखाली घालून कांदा वर उचलला, पिसाच्या बरोबरीला. "खरं बोललाय मानूस. जाऊ द्या त्याला."

टाळ्या संपेनात. दादा सुखाच्या देशात गेले, म्हणजे उजव्या विंगेत.

नाटकानंतर मुखवटा निघेना. घामानं लगदा फुगून कानाशी घट्ट बसला होता. मी कात्री आणली, तेव्हा दादाच पुढे झाले. "कापू का?" त्यांनी विचारलं. आतून उत्तर आलं, "कापा, पन माझे कान सोडून." मी त्यांना तिथंच ठेवून खुर्च्या आवरायला गेले.

त्यापुढच्या पाण्याला दादांनी शेजाऱ्यांची पाळी आधी जाऊ दिली. शेजाऱ्यांनी फोन करून सांगितलं की पाणी जास्त झालं, वाफे फुटले. आता दोघं रोज बोलतात. बहुतेक भांडतातच, पण एकमेकांकडे बघून.

दादांना मात्र नंतर एक शंका राहिली. मला म्हणाले, "त्यो सुखाचा देश म्हनत्यात, तिथं मानूस करतो काय?"

"शेती," मी म्हणाले. "पाटाचं पाणी असतं, पीक माणसाच्या डोक्याच्या वर जातं."

त्यांचा चेहरा पडला. "मेल्यावर बी शेतीच?"

"पण काम आपण करायचं नाही. सोबत छोट्या बाहुल्या पुरतात. देवानं कामाला बोलावलं की त्या उठून जातात."

रात्रीच्या लाईटीवर विहिरीची मोटर चालू करायला जायचं म्हणून दादांनी बॅटरी उचलली. मग विचारलं, "आन् तिथं लाईट दिवसा असती का?"