सायलीचे ग्रीक

सायलीच्या आईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत बसलो होतो. "सर, सायली गेली... सकाळीच," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता दीड महिना झाला.

सायली दाभोळची. ती शाळेत असताना वडील होडी घेऊन मासेमारीला गेले, ते परत आलेच नाहीत. आईने मासळी विकून तिला रत्नागिरीला आमच्याकडे इतिहास शिकायला पाठवलं. पहिल्याच चाचणीत, विजयाची बातमी सांगायला धावत गेलेल्या त्या ग्रीक सैनिकावर उत्तर लिहून झाल्यावर तिने खाली जोडलं होतं:

जिंकलो म्हणाला आणि कोसळला मॅरेथॉनचा वीर,
बातमी म्हणजे मासळी का रे? धरायचास की धीर!

मी लाल शाईने शेरा मारला, 'ही परीक्षा आहे, करमणूक नव्हे', आणि दोन गुण कापले. ती स्टाफरूममध्ये आली. मला वाटलं, भांडेल. म्हणाली, "गुण जाऊंदेत सर. हसलात की नाही, तेवढं सांगा." हसलो होतो मी. पण सांगितलं नाही...

दुसऱ्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आई आपली किडनी द्यायला निघाल्या, पण त्यांना मधुमेह. डॉक्टर नको म्हणाले. मग यादीत नाव घालून वाट बघणं सुरू झालं. मी पुस्तकं घेऊन जायचो. एका हाताला नळ्या लावलेल्या, चार चार तास हलायचं नाही, आणि ही मोकळ्या हाताने वहीत ग्रीकांवर दोन-दोन ओळी खरडत असायची. शेजारच्या खाटेवरचे आजोबा विचारायचे, "काय गो, आज कोणाचा नंबर?"

"आज स्पार्टा, आजोबा. कडक शिस्तीचे लोक, लाडू मागायचे नाहीत!"

एके दिवशी ती खाट रिकामी दिसली. त्या दिवशी सायलीने वही उघडली नाही.

आमच्या शेवटच्या भेटीत तिचा चेहरा सुजला होता. "सर, सॉक्रेटिसवर जमत नाही हो," ती म्हणाली. "विषाचा पेला हातात आला की यमकच सुचत नाही."

"मग सोड त्याला. दुसरं काही लिही."

"सोडून कसं चालेल? तुरुंगातून पळायची सोय होती, तरी तो पळाला का?"

इतकी वर्षं हाच धडा शिकवतोय मी. तरी तिला म्हणालो होतो, सोड.

तेरावं झाल्यावर दाभोळला गेलो. आईंनी वही पुढे केली. "ह्यातली नावं मला वाचता येत नाहीत. तुम्हीच वाचा." उघडलं ते पान इराणच्या राजाचं निघालं. ग्रीसवर चालून जाताना वादळाने त्याचा समुद्रावरचा पूल मोडला, म्हणून त्याने रागाने समुद्राला फटके मारायला लावले, हे आधी त्यांना समजावून सांगितलं आणि मग वाचलं:

समुद्राला फटके मारी इराणचा वेडा राजा,
दगड मारून मीही म्हटलं, दे परत बाप माझा!



"मारायची खरी दगड," आई म्हणाल्या. "शाळेतून आली की रोज जायची किनाऱ्यावर... मला वाटायचं, खेळत्येय."