महिपतीने लावलेला अर्थ

वरंधच्या महिपतीला कुठल्याही गोष्टीचा सरळ अर्थ कधी पचला नाही. श्रावणात देवळात पोथी लागायची. कोंडाजी ओव्या वाचायचा आणि महिपती त्यांचा अर्थ सांगायचा. गावात त्याला मान होता तो तेवढ्याच जोरावर, कारण शेतात त्याचा पाय क्वचित पडे. म्हशीपासून पाण्यापर्यंत सगळं घर त्याची सून आनंदीबाई ओढत होती. मुलगा दत्ताराम मुंबईला गिरणीत. खोली मिळाली आहे, बायकोला पाठवा, असा निरोप त्याने येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर दोनदा धाडला. महिपती आधी म्हणाला लावणी होऊ दे, मग म्हणाला कापणी होऊ दे.

त्या साली पोथीला वाळवी लागली. दुसरी मिळेना, म्हणून कोंडाजीने महाडच्या वाचनालयातून एक जुनी, नावाजलेली कादंबरी आणली. पुस्तक ते पुस्तक, असं म्हणून गावाने तिला पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. थोर लेखक काय उगाच बायकामाणसांच्या गोष्टी लिहितो होय, आत परमार्थच असणार, असं महिपतीने पहिल्याच दिवशी ठणकावलं.

कादंबरी होती एका सासुरवाशिणीची. नवरा परगावी, सासरा धाडत नाही, विहिरीचं पाणी ओढून ओढून पोरीचे हात सोलतात. शेवटी एका सकाळी ती भरली घागर विहिरीवरच ठेवते आणि नदी ओलांडून नवऱ्याकडे निघून जाते. कोंडाजीने शेवटचं पान मिटलं तेव्हा बायका पदराने डोळे पुशीत होत्या. महिपतीला हे रडणं अडाणीपणाचं वाटलं. विहीर म्हणजे संसार, घागर म्हणजे देह, दोर म्हणजे वासना, सासरा म्हणजे वाट अडवणारी माया, असं त्याने बैजवार लावून दिलं. नदीपलीकडचा नवरा म्हणजे साक्षात परमेश्वर. म्हातारी ठकूबाई म्हणाली, पण पोरीचे हात सोलले त्याचं काय? ते पूर्वकर्म, म्हणून महिपतीने तपकिरीची चिमूट ओढली. असल्या माणसाच्या नाकात तपकिरीऐवजी मिरचीपूड जायला हवी होती.

खांबाआड बसलेल्या आनंदीबाईने एवढंच विचारलं, की ती गेली ते बरं केलं का?

"बरं म्हंजे? तरली ती," महिपती म्हणाला. "माया तोडून जो जातो त्याला देव अडवत नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि स्वारी फुगून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल थंड होती. ठकूबाई सांगत आली की तुझी सून भरली घागर पाणवठ्यावर ठेवून, गाठोडं घेऊन महाडच्या गाडीकडे गेली. महिपती धोतर सावरत धावला. गाडी यायची होती आणि काल माना डोलावणारं निम्मं गाव तिथे जमलं होतं. तो आधी घराण्याच्या अब्रूवर बोलला, मग म्हशीवर घसरला. आनंदीबाईने सगळं ऐकून घेतलं आणि कालचा अर्थ तुमचाच, असं शांतपणे सांगितलं. गाडी आली तसा त्याचा धीर सुटला.

"अगो, ती नुसती गोष्ट हाय," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "बाय कामाला विटली, नवऱ्याकडं जावंसं वाटलं, म्हनून गेली. त्यात देव नाय न काय नाय."

आनंदीबाई वाकून त्याच्या पाया पडली.

"माजं पन तेवढंच हाय, मामंजी," ती म्हणाली आणि गाडीत चढली.